ओहोटीची युद्धनौका

ज्या शहराला समुद्र नाही, त्या शहरातल्या मुलीने युद्धनौका का काढू नयेत, याचं एक तरी धड कारण तुमच्याकडे आहे का?

मला आजवर जी कारणं ऐकवली गेली, त्यातलं एकच विचार करण्याजोगं होतं, आणि ते माझ्या वडिलांचं होतं. ते यवतमाळकडून पुण्यात आले, नांदेड फाट्याजवळच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार म्हणून लागले आणि पहिल्या वर्षीच पत्रकं लिहू लागले. मी अक्षरओळख त्याच पत्रकांवरून केली. आमच्या धायरीच्या दोन खोल्यांत गोष्टींची पुस्तकं नव्हती, पण 'कामगार बंधूंनो' अशी सुरुवात असलेल्या कागदांचे गठ्ठे होते. मी खेळात तोफा असलेली जहाजं काढते हे कळल्यावर वडील म्हणाले, "लढाईचा खेळ? माणसं मारायचा हिशोब काऊन शिकून राहिली तू?"

मी म्हणाले, "बाबा, कुणी घरात घुसायला आलं तर?"

"मंग दार बंद कर ना बाप्पा. तोफ कायले पायजे?"

त्यांचं हे बोलणं मी बाजूला टाकलं, पण ते पुढे मला उपयोगी पडलं.

आमचा खेळ असा आहे. त्यातल्या इतिहासात मराठ्यांचं आरमार जळलं नाही. खऱ्या इतिहासात ते जळलं, आणि त्या मोहिमेत इंग्रजांच्या जोडीला पुण्याचं सैन्य होतं. पुण्यात प्रत्येक गोष्टीची पाटी लागते. ही पाटी मला अजून कुठे दिसलेली नाही. खेळात मात्र ते आरमार टिकलं, वाढलं, शिडांवरून वाफेवर आलं, आणि विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर कोकणचं स्वतःचं राज्य आहे, स्वतःच्या गोद्या आहेत. इंग्रजांच्या कंपनीकडे फक्त मुंबई उरली आहे आणि तिला खालचा किनारा हवा आहे. आम्ही पाच जण कोकण, दुसरे पाच जण कंपनी. जहाजांची लांबी, रुंदी, चिलखत, तोफा, बॉयलर हे सगळं आपण ठरवायचं आणि एका प्रोग्रॅममध्ये भरायचं. जहाज तरंगेल की उलटेल ते प्रोग्रॅम सांगतो. लढाईचा निकाल पंच देतात.

पंच म्हणजे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ. स्वारगेटपासून चालत दहा मिनिटांवर त्यांचा फ्लॅट आहे. दर रविवारी सकाळी नऊला दिवाणखान्यात कोकण बसतं, आतल्या खोलीत कंपनी, आणि पंच दोन्हीकडच्या चिठ्ठ्या घेऊन मधून फिरतात. पहिल्या दिवशी मी नऊ वाजून सहा मिनिटांनी पोचले तेव्हा ते म्हणाले, "आपण आलात हे बरं झालं. युद्ध सहा मिनिटांपूर्वी सुरू झालं."

आमच्या बाजूचा एक नियम आम्हीच केला होता. मोठ्या नौकेसाठी दोन आराखडे आले तर मतदान, आणि ज्याचा आराखडा पडेल त्याने वर्षभर कोळसा बघायचा. म्हणजे कुठल्या जहाजात किती कोळसा उरला याची वही ठेवायची. पेन्सिलला हात लावायचा नाही. मी एक वर्ष कोळसा बघितला होता. माझ्याविरुद्ध जो जिंकला त्याला आम्ही सगळे दादा म्हणतो. तो हिंजवडीत आयटीत आहे, हुशार आहे, आणि त्याच्या आराखड्यांना पाहताक्षणी टाळ्या पडतात. या वर्षी पुन्हा हरले असते तर आणखी एक वर्ष वही, आणि तेवढ्यात मोहीम संपलीच असती. मला माझं एक जहाज पाण्यात बघायचं होतं. एवढंच हवं होतं, पण फार हवं होतं.

तेव्हा मी लोणी काळभोरला डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते. धायरीहून स्वारगेट, स्वारगेटहून लोणी, अशा दोन बसमध्ये आकडे करत मी एक राक्षसी नौका तयार केली. चार बारा इंची तोफा, नऊ इंचांचं चिलखत. खरं सांगायचं तर ती दादाच्याच नौकेची बहीण होती, थोडी जाड. त्याचीही पाण्यात साडेआठ मीटर बुडत होती, माझीही साडेआठ. आमच्या राजधानीच्या खाडीच्या तोंडाशी नकाशावर नऊ मीटर खोली छापलेली होती. साडेआठ नऊपेक्षा कमी. विषय संपला, असं आम्हा दोघांना वाटलं.

आमच्या इमारतीखाली एक मावशी पोळी-भाजी केंद्र चालवतात. माहेर कोकणात, खाडीकाठी, मासेमारीचं घर. एका दुपारी पोळ्या घ्यायला गेले तेव्हा आराखड्याची प्रिंट माझ्या हातात होती.

"काय गो, शेगडी घेतेस काय नवी?"

"युद्धनौका आहे, मावशी."

"अगो बाय! नि ही राहणार खंय?"

"खाडीत. आत गोदी आहे."

"पाण्यात किती बुडते?"

"साडेआठ मीटर."

त्यांनी लाटणं ठेवलं आणि पिठाचे दोन्ही हात आडवे पसरले. "मीटर नको सांगू. हे असे किती?"

मी एका हाताच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या टोकापर्यंत अंदाज घेतला. "पाच होतील."

"पाच वाव! नि ओहोटीला काय करशील? डोक्यावर घेशील?"

रांगेतले दोघे हसले. मी प्रिंटवरचा साडेआठ पुन्हा वाचला. मावशी पुन्हा पोळी लाटू लागल्या आणि लाटता लाटता सांगत राहिल्या. खाडीच्या तोंडाशी वाळूचा उंचवटा असतो. ओहोटीला तिथलं पाणी उतरतं. त्यांचे वडील होडी घेऊन परतायचे त्या दिवशी आई आधी पाणी बघायची, मग चूल पेटवायची. पाणी नसेल तर होडी बाहेरच थांबणार, मग भात आधी करून काय उपयोग?

वर जाऊन मी नकाशा उघडला. उजव्या खालच्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: खोलीचे आकडे भरतीचे आहेत. ओहोटीस तीन मीटर वजा करावेत.

दीड वर्ष तो नकाशा आम्ही वापरत होतो. दहा जणांपैकी कुणीही तो कोपरा वाचला नव्हता. ही चूक पुणेकरच करू शकतात. आमच्यासाठी पाणी म्हणजे धरणातला साठा. तो पावसाळ्यात वाढतो, उन्हाळ्यात घटतो आणि रोज पेपरात टक्क्यांत येतो. पाणी दिवसातून दोनदा निघून जातं आणि दोनदा परत येतं हे आम्हाला शाळेत शिकवलं होतं, आम्ही त्यावर मार्कही मिळवले होते.

मी पंचांना फोन केला. ते म्हणाले, "नकाशा वाचायला दिला होता. टेबल झाकायला नव्हे." आणि ठेवून दिला.

मग मी माझी नौका मोडली. पाण्यात फक्त साडेचार मीटर बुडेल, म्हणजे ओहोटीतही उंचवट्यावरून सुटेल, असं जहाज मला हवं होतं. प्रोग्रॅम म्हणाला, उलटेल. चिलखत कमी केलं, तरी उलटेल. रुंदी वाढवली, तरंगलं, पण तोफ डागताच कलंडेल. चारपैकी दोन तोफा काढल्या, त्याही बाराच्या दहा इंची केल्या. वेग अठरा नॉटवरून अकरावर आला. प्रत्येक टन काढताना जीव जात होता. पण वजन निम्म्याहून कमी झालं होतं, म्हणजे दादाच्या एका नौकेच्या पोलादात माझ्या दोन होत होत्या.

रविवारी मी ती टेबलावर ठेवली. दादाने कागद उलटसुलट फिरवून बघितला.

"हे शिप आहे की परात?"

"परात."

"अगं, अकरा नॉट? माझी स्कूटी नवले पुलाच्या ट्रॅफिकमध्ये यापेक्षा पळते यार."

मी त्याला ओहोटी सांगितली. तो हुशार आहे, त्याला लगेच कळलं, आणि लगेच उत्तरही सुचलं. "सिंपल आहे. भरतीला आत-बाहेर करायचं. टाइमटेबल लावू."

"कंपनी आपलं टाइमटेबल बघून येणार आहे का?"

"कंपनी येऊ दे तर. खुल्या समुद्रात फोडतो."

मतदान पुढच्या रविवारी ठरलं. तीन मतं लागणार होती. एक माझं. दादाची दोन पक्की होती, त्याचं आणि त्याच्या ऑफिसातल्या मित्राचं. उरलेले दोघे त्याच्या नौकेच्या चित्राकडे लग्नाच्या पत्रिकेकडे बघावं तसे बघत होते. तेव्हा मी माझ्या घरात जे येतं ते केलं. पत्रक लिहिलं.

वडिलांनी ते वाचायला मागितलं. लाल पेनने पहिली ओळ खोडली. "हे 'क्रांतिकारी नौका' काऊन लिवलं? जहाज हाय ना थे? मंग जहाज लिव." मग 'ऐतिहासिक' खोडलं, 'निर्णायक' खोडलं. शेवटी राहिलं ते एका पानात बसलं. वर एकच प्रश्न: कंपनी ओहोटीला आली तर आपली नौका कुठे असेल? खाली खाडीचं चित्र, उंचवटा, पाण्याची रेघ आणि दोन्ही जहाजं एकाच मापात. दादाची नौका वाळूत अडीच मीटर घुसलेली दिसत होती. मी काही वाईट शब्द लिहिला नव्हता. गरजच नव्हती.

तीन विरुद्ध दोन. मी कोळशाची वही टेबलावरून सरकवली. दादाने ती उचलली आणि म्हणाला, "ठीक आहे. पण एक परात मी चालवणार." कोळसा बघणाऱ्याने जहाज चालवू नये असा नियम नव्हता. मी हो म्हणाले, आणि ते फार बरं झालं.

कंपनी चौथ्या रविवारी आली. तीन मोठ्या नौका, मुंबईहून खाली. आमची जुनी जहाजं दक्षिणेला पळाली आणि दोन परातींच्या मागे कंपनीची सगळ्यात मोठी नौका लागली, आमच्या दीडपट वेगाने. दादाने चिठ्ठी लिहिली: दोन्ही नौका खाडीत. पंच चिठ्ठी घेऊन आत गेले, तिकडची चिठ्ठी घेऊन आले, आणि खुर्चीत बसून भरती-ओहोटीचं कोष्टक उघडलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"खेळातली वेळ सकाळी साडेदहा," ते म्हणाले. "ओहोटी. कोकणच्या नौका आत पोचल्या. कंपनीची नौका पूर्ण वेगाने मागे आली आणि वाळूवर बसली. डावीकडे कलली आहे, तोफा आकाशाकडे आहेत. आपण गोळीबार करणार आहात की चहा घेणार आहात?"

आतून कुणीतरी ओरडलं, "सर, नकाशावर नऊ मीटर आहे!"

"कोपरा वाचा," पंच न वळता म्हणाले.

दादा खुर्चीवर उभा राहिला होता. पंचांच्या घरात खुर्चीवर कुणी उभं राहत नाही. "उडव! उडव तिला!"

मी म्हणाले, "थांब. आत सातशे माणसं आहेत."

"ती कागदावर आहेत, बाई!"

"जहाजही कागदावरच आहे. खाली कोळसा ओढणारे निम्मे तरी आपल्याच किनाऱ्यावरचे असतील. आणि सहा तासांनी पाणी चढणार आहे. बुडवली तर लोखंड मिळेल. बुडवली नाही तर?"

दादा हळूहळू खाली बसला. "फुकट बॅटलशिप," तो म्हणाला. अगदी भक्तिभावाने.

आम्ही चिठ्ठी पाठवली: माणसांनी होड्यांतून उतरावं, एकही गोळी सुटणार नाही, नौका आमची. आतल्या खोलीत दहा मिनिटं भांडण झालं. मग उत्तर आलं: मान्य. पंचांनी नियमांचं पुस्तक दोनदा चाळलं, कारण एकही गोळी न उडवता नौका ताब्यात घेण्याचा नियम त्यात नव्हता. मग त्यांनी स्वतःच्या अक्षरात तो लिहिला. दुपारी साडेचारच्या भरतीला, म्हणजे खेळातल्या, ती तरंगली आणि आमच्या ध्वजाखाली उभी राहिली. वडिलांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "मंजे संप केला म्हण ना तुम्ही. जागेवर बसून जिंकले." त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी नसते.

एक काम राहिलं होतं. पंचांच्या नोंदवहीत प्रत्येक जहाजापुढे 'रचनाकार' असा रकाना असतो. मी माझ्या नावाशेजारी मावशींचं नाव लिहिलं.

"या खेळाडू नाहीत," पंच म्हणाले.

"ओहोटी त्यांनी सांगितली. आपल्यापैकी कुणाला दिसली नव्हती."

"नियमानुसार—"

"नियम आत्ताच एक नवीन केलात सर."

त्यांनी नोंदवही मिटली. "मग त्यांना खेळाडू करा. फुकटचा वाद घालू नका. आणि नऊ म्हणजे नऊ वाजता."

पुढच्या रविवारी केंद्र बंद ठेवून मावशी आल्या, नऊला दहा कमी असताना. नकाशाभोवती एक चक्कर मारली, मान तिरपी केली आणि एका खाडीवर बोट ठेवलं. "ही अशी नाही हो. हिचं तोंड दक्षिणेला वळलेलं. इथे खडक. आमची एक होडी गेली तिथे." पंचांनी खिशातून पेन्सिल काढली, खोडरबरासकट मावशींच्या हातात दिली आणि दिवा जवळ ओढला.

त्या दिवसापासून आमचा नकाशा बदलतो आहे, पण मावशींना त्यांची एकच खाडी माहीत आहे आणि कोकणात खाड्या पुष्कळ आहेत. म्हणून ही विनंती. तुमच्या घरात, शेजारी, कामावर खाडीकाठी वाढलेलं कुणी असेल तर आज त्यांच्यापुढे एक कोरा कागद ठेवा. ओहोटीला होडी आत कुठून घ्यायची, खडक कुठे, वाळू कुठे, एवढंच काढायला सांगा. त्यांचे मीटर चुकले तर दुरुस्त करू नका. कागदावर खाली त्यांचं नाव लिहा आणि तो सांभाळून ठेवा, आमच्या नकाशाला लागणार आहे.