सासुरवाडीचा ब्रेकर

आमच्या घरात एक रीत पडली होती. रस्त्यात मोठा ब्रेकर आला की मी गाडी थांबवायची, बायकोने आणि मुलीने खाली उतरायचं, चालत पलीकडे जाऊन उभं राहायचं, आणि मी रिकामी गाडी तिरकी करून एकेक चाक चढवत पलीकडे न्यायची. मग दोघी पुन्हा बसायच्या. पहिल्या वर्षी मुलीला हा खेळ वाटला. पुढे कॉलेजात गेल्यावर ती उतरताना तोंडाला ओढणी बांधायला लागली.

गाडी हॅचबॅक, लाल रंगाची, टर्बो इंजिनाची. लांबून बघितली तर गल्लीतल्या कुठल्याही छोट्या गाडीसारखी. पुण्यातल्या एका तरुण इंजिनिअरकडून मी ती जुनी म्हणून घेतली. त्याने मूळ स्प्रिंगा काढून आखूड बसवल्या होत्या, त्यामुळे गाडी जमिनीला चिकटल्यासारखी दिसायची. व्यवहार ठरल्यावर मी मूळ स्प्रिंगाही मागितल्या. तो म्हणाला, काका, ते भंगार आहे. मी म्हणालो, जे गाडीचं आहे ते गाडीबरोबर आलं पाहिजे. त्या चारही स्प्रिंगा ग्रीस लावून, पोत्यात गुंडाळून मी माळ्यावर ठेवल्या.

बीडसारख्या ठिकाणी अशी गाडी सांभाळणं हे एक कामच आहे. एअर फिल्टरची जी मुदत पुस्तकात दिली आहे ती आपल्या धुळीला लागू पडत नाही, मी ती निम्मी धरतो. उसाच्या हंगामात त्याहून कमी. टायर इतके बुटके की खड्ड्याचा मार थेट रिमला बसतो. लांबून आल्यावर इंजिन लगेच बंद करायचं नाही, टर्बो तापलेला असतो, जरा वेळ तसंच चालू ठेवावं लागतं. मी दारात गाडीत बसून राहायचो, आणि शेजाऱ्यांना वाटायचं की मी कुणाची तरी वाट बघतोय. एकदा समोरच्याने येऊन विचारलंही, घरात भांडण झालंय का म्हणून.

मी मोजणी खात्यात आहे. नोकरीतली बहुतेक वर्षं दुसऱ्यांच्या बांधावर टेप धरण्यात गेली. या वयात अशी गाडी कशाला घेतली, असं लोक विचारायचे तेव्हा मी पेट्रोलच्या सरासरीबद्दल काहीतरी सांगायचो. खरं कारण मांजरसुंब्याचा घाट हे होतं. रविवारी सकाळी मी एकटाच मांजरसुंब्यापर्यंत जायचो, धाब्यावर चहा प्यायचो आणि परत यायचो. वेगाचं मला एवढं कौतुक नाही, पाटीवर लिहिलेल्या वेगाच्या पुढे मी जात नाही. पण वळणाला गाडी जराही कलायची नाही. स्टिअरिंग जेवढं फिरवावं तेवढीच वळायची, कमी नाही, जास्त नाही. माझ्या कामात असं कधी होत नाही. टेप कितीही बरोबर धरली तरी दोन भावांपैकी एकाला ती चुकीचीच वाटते.

माझी सासुरवाडी पाटोद्याच्या पुढे, रस्त्यालगतचं गाव. गावात शिरलं की आधी पिठाची गिरणी, मग शाळा, आणि शाळेला लागून सासऱ्यांचं घर. शाळेच्या अलीकडे जो ब्रेकर होता तो सासऱ्यांनीच बांधलेला. काही वर्षांपूर्वी शाळेसमोर एका जीपने एका मुलीला उडवलं, तिचा पाय मोडला. ब्रेकर कुणी करायचा यावर चर्चाच चालू राहिली, तेव्हा सासऱ्यांनी स्वतःच्या ट्रॅक्टरने मुरूम आणला, सिमेंट आणलं, आणि दोन गडी घेऊन एका दिवसात तो उभा केला. माप वगैरे काही नव्हतं. रस्त्यावर म्हैस आडवी बसावी तसा तो दिसायचा. पण त्यानंतर तिथे कुणाला काही झालं नाही.

माझी गाडी त्याच्यावरून रिकामीसुद्धा जात नव्हती. म्हणून ती गिरणीजवळ लावायची आणि पिशव्या घेऊन चालत घरी जायचं, असं ठरून गेलं होतं. अंतर काहीच नव्हतं, पण वाटेत पार होता आणि पारावर माणसं असायची. पाव्हण्यांची गाडी दमली वाटतं, असं कुणीतरी म्हणायचंच. सासरे लगबगीने समोर यायचे आणि काही न बोलता माझ्या हातातली पिशवी काढून घ्यायचे.

बायको मला सांगायची की आप्पांना, म्हणजे तिच्या वडिलांना, हे बरं वाटत नाही. गावात ज्याच्या त्याच्या जावयाची गाडी दारात उभी राहते. मी म्हणायचो, ते तर कधी बोलले नाहीत. ती म्हणायची, ते तुम्हाला बोलतील का? आणि मग माळ्याकडे बघून म्हणायची, "त्या स्प्रिंगा काय पूजेला ठेवल्यात?"

मी विषय बदलायचो. मूळ स्प्रिंगा बसवल्या की गाडी उचलली जाणार हे मला माहीत होतं. घाटातलं ते न कलता वळणं जाणार हेही माहीत होतं.

एका दिवाळीला मेव्हण्याबरोबर गप्पा मारता मारता मी टेप काढली आणि त्या ब्रेकरची उंची घेतली. सवयच ती. हिशोब करून मेव्हण्याला म्हणालो, चार बोटं कमी असता तर रिकामी गाडी तिरकी करून निघाली असती. तो हसला. सासरे शेजारी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

पुढे अधिक महिना आला. आमच्याकडे अधिकात लेक-जावयाला बोलावून धोंड्याचं जेवण करतात, अनारशांचं ताट देतात, कपडे करतात. सासऱ्यांचा फोन आला. शनिवारी या म्हणाले, आणि गाडी दारापर्यंत घेऊन या म्हणाले. मला वाटलं, बोलण्याची पद्धत आहे. मुलीचा कॉलेजात पेपर होता, म्हणून आम्ही दोघंच निघालो.

मांजरसुंब्याला चहा घेतला, पाटोद्यात बायकोने पेढे घेतले. गिरणीजवळ मी सवयीने गाडी बाजूला घेतली. बायको म्हणाली, "अहो, पुढं बघा की."

ब्रेकर नव्हता. रस्त्यावर खरवडल्याचा पांढरा पट्टा तेवढा उरला होता. गावात कुणाच्या तरी विहिरीवर जेसीबी आला होता, तो सासऱ्यांनी घटकाभर मागून घेतला होता.

मी गाडी सरळ दारात नेली. खालून काही घासलं नाही. सासूबाईंनी आमच्या पायांवर पाणी घातलं आणि गाडीच्या बॉनेटलाही कुंकू लावलं. सासरे गाडीभोवती एक चक्कर मारून आले, जणू नवीन बैल आणलाय. पारावरून एक म्हातारबाबा ओरडून म्हणाले, आता आले बघा पाव्हणं रीतीनं. सासरे फक्त "बसा" म्हणाले, पण त्यांचा चेहरा मी इतक्या वर्षांत तसा बघितला नव्हता. बायकोचाही. मलाही बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. स्प्रिंगांचा प्रश्न सुटला होता, आणि तोही मी काही न करता.

जेवणाला वेळ होता म्हणून ओट्यावर बसलो. बसल्या बसल्या काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, काय ते कळेना. मग लक्षात आलं. या ओट्यावर बसलं की प्रत्येक गाडीचा आवाज ठरलेला असायचा. आधी ब्रेक, मग गिअर खाली, मग दोनदा धाड धाड, मग परत गिअर. आता गाड्या एका सुरात येत होत्या आणि एका सुरात जात होत्या.

शनिवारची सकाळची शाळा सुटली. फाटकातून आधी एक बाई बाहेर आल्या, शाळेतल्या मॅडम. त्या रस्त्याच्या मधोमध गेल्या आणि दोन्ही हात आडवे करून उभ्या राहिल्या. पाण्याचा एक टँकर हॉर्न वाजवत आला, मॅडम एक पाऊल मागे सरल्या, टँकर गेला, आणि त्या पुन्हा पुढे आल्या. मुलं एकमेकांच्या दप्तराचे पट्टे धरून पलीकडे गेली. सगळी जाईपर्यंत मॅडमचे हात खाली आले नाहीत.

मी उठून त्यांच्याजवळ गेलो. रोज असं करता का, विचारलं. त्यांनी आधी मला बघितलं, मग दारातल्या गाडीला.

"तुमचीच ना ती?"

"हो."

"मग काय सांगू तुम्हाला." त्यांनी पदराने कपाळ पुसलं. "आप्पांनीच बांधला, आप्पांनीच काढला. जावयासाठी काढला म्हटल्यावर गावात कोण तोंड उघडणार, सांगा बरं?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. जावयाच्या मानापुढे बोलायचं नसतं, ही रीत त्यांनाही मान्य होती. फक्त ती रीत सांभाळायला त्या रोज रस्त्यात हात पसरून उभ्या राहत होत्या.

पाटावर बसलो. ताटाभोवती रांगोळी होती. पुरण भरून तळलेले धोंडे, त्यावर तूप. सासरे माझ्या समोर, मेव्हणा शेजारी, बायको आणि सासूबाई वाढायला. सगळे माझ्या पहिल्या घासाची वाट बघत होते, आणि माझा हात ताटाकडे जाईना. सरळ सांगावं तर त्यांनी मोठ्या हौशीने केलेल्या गोष्टीत मी खोट काढली असं होणार. न सांगावं तर सोमवारी मॅडम पुन्हा रस्त्यात.

जावयाने रुसायचं असतं, काहीतरी मागायचं असतं. माझ्या लग्नात सासऱ्यांनी वाट बघितली होती, मी काहीच मागितलं नव्हतं. मला तो प्रकार आवडत नाही. पण त्या दिवशी तेवढाच रस्ता दिसला.

"मामा," मी सासऱ्यांना म्हणालो, "मला एक मागायचंय. त्याशिवाय जेवणार नाही."

सासरे सावरून बसले. खूश झाले होते. "मागा की. इतक्या वर्सांत पयल्यांदा तोंड उघडलंत."

"ब्रेकर पाहिजे. होता तिथेच."

मेव्हणा हसला, आणि एकट्याचंच हसू ऐकून थांबला. सासूबाईंच्या हातातली तुपाची वाटी तशीच राहिली.

"कावून? कशापायी?" सासरे म्हणाले.

"आता शाळा सुटली. मी ओट्यावरून बघत होतो."

त्यांनी दारातल्या गाडीकडे बघितलं. मग म्हणाले, "अन् तुमची गाडी कशी यील? तुमीच म्हन्लात, चार बोटं जास्त हाय."

"गाडी मी उचलून घेतो."

"गाडी उचलता येती?"

"येते. जुन्या स्प्रिंगा घरी आहेत."

"मग आदी कावून न्हाई उचलली?"

घाटातल्या वळणाचं मी त्यांना काय सांगणार होतो? बायको माझ्या ताटात तूप वाढत होती. "सांगा की," ती हळूच म्हणाली.

सासरे उत्तरासाठी थांबले नाहीत. ते दाराबाहेर, रस्त्याकडे बघत होते. "त्या पोरीला मीच उचलून जीपमंदी घातलं हुतं," ते म्हणाले. "आता लई मोठी झाली ती. चालती बी नीट. मानसाच्या ध्यानात ऱ्हात न्हाई." मग त्यांनी स्वतःच्या ताटाकडे हात नेला. "जेवा आता. बांधतो."

बीडला आल्यावर मी माळ्यावरून पोतं काढलं. माझ्या गाडीचं काम बघणारे मेकॅनिक चाचा स्प्रिंगा हातात घेऊन म्हणाले, "साब, लोगां मेरे पास गाडी नीचे करानेकू आते. आप पैले आदमी, उपर करानेकू आए." आखूड स्प्रिंगा मी त्याच पोत्यात, ग्रीस लावून, परत माळ्यावर ठेवल्या. बायकोने खालून शिडी धरली.

पुढच्या रविवारी घाटात गेलो. वळणाला गाडी कलली. फार नाही, शेजारी बसलेल्याला कळणार नाही एवढी. चहा पिऊन त्याच वळणाने परत आलो, पुन्हा कलली. आता मी रविवारी दर वेळी जात नाही. गेलो तर चहासाठी जातो, आणि कपिलधारच्या फाट्यावरून कधीकधी धबधब्याकडे वळतो.

सासऱ्यांनी फोन करून ब्रेकरचं माप विचारलं होतं. किती उंच, किती रुंद, ते मी सांगितलं, आणि त्यांनी कुणाकडून तरी लिहूनही घेतलं. दसऱ्याला आम्ही तिघं गेलो. लांबूनच पांढरे पट्टे दिसले. ब्रेकर पूर्वीपेक्षा सपाट आणि रुंद होता, तरी मी सांगितल्यापेक्षा उंचच वाटला. सासरे शेजारीच उभे होते. मी पहिला गिअर टाकला. मागे मुलीने ओढणी तोंडाशी नेली होती, आणि बायकोचा हात दाराच्या कडीवर गेला, तिथेच थांबला.

सासरे रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले आणि गाडीच्या खाली बघू लागले. जावयाच्या गाडीखाली सासऱ्यांनी असं वाकून बघावं हे रीतीत बसत नाही, पण ते बसले होते. पुढची चाकं चढली, उतरली. मागची चढली, उतरली. काही घासलं नाही.

"दोन बोटं ऱ्हायली," ते गुडघ्यावर हात देऊन उठत म्हणाले.

मी गाडी दारात नेली आणि टर्बो गार व्हावा म्हणून इंजिन चालू ठेवून बसून राहिलो. मागून एक जीप आली. तिने आधी हॉर्न दिला, मग ब्रेक मारला, मग गिअर खाली टाकला.