झाकण उतरण्याआधीचा शब्द

औरंगाबादेतलं आमचं बिजलीघर रेल्वे स्टेशनच्या अंगाला होतं, कारण कोळसा रेल्वेनं यायचा. निजामाचं राज्य होतं. कागद सगळे उर्दूत, शिव्या मात्र मराठीत. मी तिथं दुसरा फिटर होतो. मूळचा लासूरकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, बायकोसह मुकुंदवाडीत राहणारा आणि फटकळ म्हणून बदनाम. माझ्या वरचे हेड फिटर म्हणजे आमचे वस्ताद. त्यांच्यापुढं माझं तोंड आपोआप बंद व्हायचं, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

वाफेचं टर्बाइन आम्ही वर्षातून एकदा खोलायचो. वरचं जड झाकण साखळी-कप्पीनं उचललं की आतला लांब रोटर, त्याच्यावरच्या पात्यांच्या चाकांसकट, उघडा पडे. पाती साफ करायची, झिजलेली बदलायची, बेअरिंग नीट बसवायचं. बेअरिंगचं काम करावं तर वस्तादांनीच. शाफ्टला निळा रंग लावून तो बेअरिंगमध्ये फिरवायचा. रंग उमटेल तिथला मऊ पांढरा धातू उंच आहे असं समजून तेवढाच खरवडायचा. मग पुन्हा रंग, पुन्हा खरवडणं. आम्ही दिवसभर खपून जे बिघडवून ठेवायचो, ते वस्ताद दोन चहांच्या मधे सरळ करत. खरवडलेल्या जागेवरून ते बोट फिरवायला लागले की बैलाच्या पाठीवरून हात फिरवणारा माझा बाप मला आठवायचा. असा हात मी पुढं कुणाचाही पाहिला नाही.

झाकण परत उतरवण्याआधी आमच्याकडं एक रीत होती. ज्यानं त्यानं आपली हत्यारं सतरंजीवर मांडायची आणि खिसे उलटे करून दाखवायचे. अंगठ्या, ताईत, करगोटे आधीच उतरवलेले असत. शेवटी वस्ताद दिवा घेऊन आत वाकायचे, या टोकापासून त्या टोकापर्यंत बघायचे आणि म्हणायचे, "पाक." म्हणजे आत काही राहिलेलं नाही. तो शब्द कानावर पडल्याशिवाय साखळीला कुणी हात लावत नसे. वाफ सोडल्यावर ती पाती अशी फिरतात की डोळ्यांना दिसत नाहीत. आत बोटभर लोखंड राहिलं तर पाती तुटून झाकण फोडतील आणि समोरच्या माणसाला घेऊन जातील. वस्तादांच्या आधी हा शब्द त्यांचे चुलते म्हणत. बाजारात वस्तादांना सलाम मिळायचा तो पगाराला नव्हे, या शब्दाला.

त्या वर्षी वस्तादांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत चालला होता. बोटांच्या भरवशावर ते सगळं निभावून नेत होते. मापं मी वाचायचो, ते मान हलवायचे. आमच्या दोघांशिवाय कुणाला कळलं नव्हतं. झाकण उतरवायचा दिवस जवळ येत होता. हा शब्द गेला तर वस्तादांचं काय उरणार, हे मला माहीत होतं. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना गाठलं आणि सुचवलं, की मी आधी गुपचूप बघून घेतो, तुम्ही नुसतं 'पाक' म्हणा. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्यांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "बघणार तू आन् म्हणणार मी? मंग ही रीत कशापायी पाळायची रे?"

मी म्हटलं, लोकांना काय कळतंय. भाकरी पुन्हा उचलत, यंदा दिसेल, दिवा मोठा घेऊ, असं ते स्वतःशीच पुटपुटले.

झाकण उतरवायच्या दिवशी सकाळपासून इंजिनियर साहेबांची धावपळ चालू होती. गावात कितीतरी दिवस कंदील लागत होते, कचेरीतून विचारणा होत होती, आणि साहेब म्हणजे उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. माणूस भला होता, पण घड्याळ बघायची खोड भारी. झाकण रोटरच्या वर टांगलेलं, साखळी ओढणारे खलाशी तिच्यापाशी उभे. हत्यारं मांडून झाली, खिसे उलटे झाले. वस्ताद मोठा दिवा घेऊन वाकले.

ते नेहमीपेक्षा फार वेळ वाकलेले राहिले. दिवा एका जागी नेत, पुन्हा मागं आणत. साहेबांनी दोनदा खाकरून पाहिलं. मी मनात म्हणत होतो, म्हणा वस्ताद, एकदाचं म्हणून टाका.

ते सरळ झाले. दिवा त्यांनी माझ्या हातात दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "मला दिसत नाय. आता तू बघ, आन् तूच म्हण."

साहेबांनी घड्याळ खिशात घातलं. मी वाकलो. डोळ्यांत पाणी होतं, ते आधी बाहीनं पुसावं लागलं. वाफ जिथून आत येते त्या तोंडाशी, खालच्या बाजूला, एक लोखंडी वायसर, नटाखालची चकती, आडवा पडलेला होता. कुठून आला कोण जाणे; आम्ही सगळ्यांनी खिसे दाखवले होते. मी तो चिमट्यानं काढून वस्तादांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो बोटांनी चाचपला, जाडी अजमावली आणि साहेबांकडं दिला. साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मी पुन्हा सगळं बघितलं, दोनदा. वर मान केली तेव्हा खलाशी सवयीनं वस्तादांच्याच तोंडाकडं बघत होते. आणि वस्ताद त्यांच्या जागेवर नव्हते. ते खलाशांच्या रांगेत जाऊन उभे होते, दोन्ही हात साखळीजवळ नेऊन, पण साखळीला न लावता. माझ्या तोंडाकडं मान वळवून ते वाट बघत होते.

"पाक," मी म्हटलं.

साखळीला पहिला हात त्यांनी घातला.