रशीदभाईचं तिखट तपासायला यवतमाळला

मी चौथी शिकलेली. मोबाईलवर बोलते नि तो लिहितो, चुकलं तर समजून घ्या.

बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या वर्षी आम्ही बचतगटाच्या बायांनी तिखट विकायला काढलं. पण पुसदच्या बाजारात रशीदभाईचंच जास्त खपायचं. एक दिवस त्याच्या दुकानासमोर, गिऱ्हाइकांच्या देखत, मी म्हटलं, "रंग विकून राह्यला तू. तपासूनच आणते."

गावातल्या शिबिराला आलेल्या कॉलेजच्या मॅडमनं सांगितलं होतं की बंदी असलेला रंग ओळखायचं यंत्र यवतमाळात त्यांच्या कॉलेजात आहे. रशीदभाईचं नि आमचं एकेक पाकीट घेतलं, धाकटी जाऊ कमल हिला घेतलं नि निघाले.

पुसदहून सकाळचीच यष्टी धरा, नाहीतर उभ्यानं जाल. मागच्या सीटवर बसू नका, दिग्रसपर्यंत कंबर राहत नाही. दोन्ही अंगाला कापसाची पऱ्हाटी उभी वाळलेली, बोंडं न फुटताच काळी पडलेली. दारव्ह्याच्या स्टँडवर तर्री-पोहे गरम नि स्वस्त मिळतात. तर्री लालभडक दिसली म्हणून मी पोहेवाल्यालाही सुनावलं. कमल म्हणे, "बाई, खाऊ द्या ना आता." यवतमाळात कॉलेजला जायला लोहाऱ्याकडचा शेअर ऑटो मिळतो, भाव आधी ठरवा.

मला वाटलं यंत्र म्हणजे मोठं धूड असेल. निघाली मोबाईलएवढी डबी, तिला बोटाएवढी पट्टी. मॅडमनी तिखट कसल्याशा पाण्यात कालवून गाळलं, थेंब पट्टीवर ठेवला, वीज सोडली. प्रत्येक रंगाची वीज देण्याघेण्याची जागा ठरलेली असते, तिथं पडद्यावरच्या रेघेला उंचवटा येतो, असं त्यांनी समजावलं. रशीदभाईच्या तिखटाची रेघ सपाट. मी म्हटलं यंत्र बिघडलं असेल, पुन्हा करा. पुन्हा सपाट. मग तुलनेला म्हणून आमचं टाकलं, नि रेघ वर चढली.

"हा कापडाला, बियाण्याला लावतात तो रंग. खायच्या वस्तूत बंदी आहे," मॅडम म्हणाल्या.

मी आवाज चढवला. मिरची घरची, तेल घरचं, कांडप आमच्या डोळ्यांदेखत. त्यांनी शांतपणे विचारलं, मिरचीला तेल कशात लावता?

कमल खाली पाहून बोलली, "बाई, सरकीचं घमेलं."

पेरणीला औषध लावलेली लाल सरकी आम्ही त्या प्लास्टिकच्या घमेल्यात ओततो. नंतर राखेनं घासून त्यातच मिरचीला तेलाचा हात देतो. घासलं की झालं, हे गटात मीच सांगत होते. मॅडम म्हणाल्या, रंग प्लास्टिकमध्ये मुरला असेल नि तेलानं सुटला असेल, पण घमेलं तपासल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही. माझं नक्की झालं होतं. तुम्ही तिखट तपासायला न्याल तर आधी स्वतःचं न्या.

पुसदला उतरून तशीच दुकानात गेले. गर्दी ओसरू द्या, कमल म्हणाली. पण मी ओरडले होते तेही गर्दीतच.

"रशीदभाई, तुमचं तिखट साफ आहे. रंग आमच्यात निघाला."

गिऱ्हाइकं वळून पाहू लागली. त्यानं तराजू खाली ठेवला. "घरी माझा नातू बी माझंच तिखट खाते ना, भाभी?"

एवढंच. त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

घरी येऊन घमेलं कुऱ्हाडीनं फोडलं नि पाकिटं परत मागायला घरोघर निघाले. शेजारची गिरजाकाकू पाकीट सोडेना.

"कायले नेतं? असा रंग कोनाच्याच तिखटाले नाई."

त्या रंगाची तारीफ ऐकून मी गावभर मिरवले होते. चुलीवर तिची वांग्याची भाजी रटरटत होती, वर लाल तेल तरंगत होतं. मी चुलीशी बसले नि तो रंग कशाचा ते सांगितलं. काकूनं ऐकून घेतलं. पदरानं धरून भाजीचं पातेलं खाली उतरवलं.

"मंग आता मी भाकर कायसंग खाऊ?"