गारगोटीची रांगोळी

लढाईच्या तयारीच्या त्या दिवसांत मी जबलपूरच्या एका दारूगोळा कारखान्याच्या प्रयोगशाळेत होतो. स्फोटकाची चिमूट पोलादी ठोकळ्यावर ठेवायची, वरून वजन सोडायचं आणि किती उंचीवरून बार होतो ते वहीत लिहायचं, एवढंच काम. लोकांना वाटतं ही भुकटी नुसत्या नजरेनं उडते. तसं काही नाही. हलकेच तापवली तर मुकाट वितळते. पण दाबाखाली तिच्यात एखादा कठीण कण सापडला, की सगळा जोर त्याच्या टोकावर येतो, तिथे घासून ठिणगीएवढी जागा तापते आणि रेणू तुटायला लागतात. एकाच्या उष्णतेनं शेजारचा, त्याच्या उष्णतेनं पुढचा. वाळू मिसळली की फार कमी उंचीवरूनही बार व्हायचा. हे मला पाठ होतं, म्हणून माझी मला लाज जास्त वाटते.

माझा मोठा भाऊ तिथेच भरणीच्या शेडमध्ये प्रेसवर होता; हीच भुकटी गोळ्यांत दाबून भरायचा. आत जाताना बूट बदलायचे, खिशात नाणंसुद्धा न्यायचं नाही. खंडेनवमीला मात्र पूजेच्या सामानाला दारावर कोणी हात लावत नसे. त्या सकाळी तो म्हणाला, "सामान बांधून दे रे. मशीन बिना पूजेची काहून ठेवायची?" हळदकुंकू, झेंडूची फुलं आणि रांगोळीची पुडी मीच बांधून दिली.

त्यानं प्रेसच्या टेबलावर स्वस्तिक काढलं, पूजा केली, ओल्या फडक्यानं सगळं पुसलं आणि कामाला लागला. पाणी प्यायला बाहेर आलेला जोडीदार वाचला, त्यानंच मला हे सांगितलं. दुपारी शेडचं छप्पर उडालं होतं. आईला भावाचं तोंड दाखवता आलं नाही.

तेराव्यानंतर कामावर गेलो तो घरातली उरलेली रांगोळी घेऊनच. भुकटीत मिसळून वजन सोडलं. सगळ्यात खालच्या, पहिल्याच खाचेवर बार झाला. रांगोळी म्हणजे गारगोटीचा कूट, वाळूच ती; पुसूनही मागे राहिलेला एक कण पुरे. पण जन्मभर देवापुढे पाहिलेली, तिला वाळू म्हणायचं माझ्या मूर्ख डोक्यात आलंच नाही. ती नोंद मी वहीत केली नाही.

चौकशीत ठरलं, साचा अडकला म्हणून कामगारानं घाईनं हातोडी मारली असावी. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, "हो सकता है, साहब." नोकरी जायची भीती होती आणि आईला कळायची त्याहून जास्त.

भावाइतका सबुरीचा माणूस मी दुसरा पाहिला नाही. वर्षश्राद्धाच्या पंगतीत वहिनी वाढता वाढता शेजारणीला सांगत होती, "घाईच नडली हो यांची. घरी पण असेच करायचे. मी किती बोलून राहायची." वर्षभरात तिलाही ते खरं वाटायला लागलं होतं. मग माझ्या पानाशी वाकून तिनं विचारलं, "भाऊजी, भात वाढू?"

मी म्हणालो, "थोडा."