बोल्टचं चिकटवलेलं डोकं

रफिकभाईंनी माझ्या गाडीच्या इंजिनच्या एका बोल्टला पाना लावला आणि त्याचं डोकंच अलगद हातात आलं. खाली काळी पुट्टी भरलेली. बोल्ट आत कधीच मोडला होता; आधीच्या मेकॅनिकने वर नुसतं डोकं चिकटवलं होतं. मला शिसारी आली. भोवतीच्या चिकट, तेलकट मळाचीही एवढी आली नव्हती.

"बोल्ट माझ्या हातूनही मोडतो, साहेब," रफिकभाई म्हणाले. "पण हे असं?"

त्यांनी तेल मुरवलं, मोडक्या तुकड्यावर नट वेल्ड केला आणि पाना थोडा पुढे, थोडा मागे करत राहिले. मला मात्र सोसायटीच्या ओल्या भिंतीवरचा ताजा रंग, रस्त्यातल्या खड्ड्यावरची डांबराची चकती, सगळीकडे तेच डोकं दिसायला लागलं. काय हलकट माणसं असतात!

कुरकुरत तुकडा बाहेर आला. फडक्यात धरून तो माझ्यापुढे करत त्यांनी विचारलं, "एवढी कसली घाई होती त्याला?"

घाई मला होती. तेव्हा मेहुणीच्या लग्नाला निघायचं होतं. "काहीही कर, पण गाडी आजच दे," असं त्या मेकॅनिकला मीच बजावलं होतं.

मी रफिकभाईंना म्हणालो, "कोण जाणे."