करून पाहिलेली पुस्तकं

आमच्या पुस्तकांच्या दुकानाच्या मागच्या अंगाला एक खोली होती. तिथे आलेले गठ्ठे सोडायचे, वेष्टणाचा कागद कापायचा, आणि खिडकीपाशी एक टेबल आणि खुर्ची होती. त्या खुर्चीत मालकांचा मेहुणा बसायचा. त्याच्याविषयी कुणीतरी चार ओळी लिहायला हव्या होत्या. दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही, म्हणून मी लिहितो आहे. माझा पुस्तकांशी संबंध ती गिऱ्हाइकाला बांधून देण्यापुरताच, त्यामुळे सांगताना काही निसटलं तर ते माझ्या हातून निसटलं असं समजावं.

दुकान हस्तकलेच्या आणि छंदांच्या पुस्तकांचं. कागदकाम, विणकाम, भरतकाम, पुठ्ठ्याच्या वस्तू, लाकूडकाम. चिकटवाचिकटवी करणाऱ्या पोरापासून नोकरी संपल्यावर घरात पायात पायात येणाऱ्या आजोबांपर्यंत सगळ्यांसाठी काही ना काही. या पुस्तकांची गोम अशी की ती सगळीच दिसायला देखणी असतात. मुखपृष्ठावरची पेटी बघून माणूस हरखतो, घरी जाऊन पुठ्ठा कापायला बसतो, आणि चौथ्या पायरीला त्याच्या लक्षात येतं की तिसऱ्या आणि चौथ्या पायरीच्या मध्ये लेखकाने एक अख्खी दुपार गाळली आहे. मग तो पुस्तक परत घेऊन येतो. पानांना डिंक लागलेला असतो आणि चेहरा आपणच गाढव असल्यासारखा.

अशी परत आलेली पुस्तकं बघून मालक बेजार झाले होते. चांगलं कुठलं आणि नुसतं देखणं कुठलं, हे दुकानात उभं राहून पानं चाळून कळत नाही. त्यांना उपाय सापडला तो स्वतःच्या घरी, जेवणाच्या टेबलावर.

मेहुणा तेव्हा चाळिशीच्या पुढे होता. लग्न झालेलं नव्हतं. एका कचेरीत येणारी पत्रं नोंदवायचं काम होतं, तेही पत्रांवर शाई सांडून घालवलेलं. लहानपणापासून त्याच्या हाताला वळण नाही हे घरात ठरूनच गेलेलं. वडील म्हणायचे, याच्या हातात काचेचं काही देऊ नका आणि लाकडाचंही जपून द्या. त्याला चहा अर्धाच कप मिळायचा, कारण उरलेला अर्धा तो बशीत, टेबलावर आणि स्वतःवर सांडणार हे गृहीत. तोही हसायचा. दुसरं काय करणार?

तर त्या दिवशी बहिणीच्या घरी तो मुलांचं एक पुस्तक घेऊन बसला आणि त्यात बघून त्याने कागदाचा पक्षी केला. पक्षी उभा राहिला. शेपूट ओढली की पंख हलवायला लागला. सगळं घर पोट धरून हसलं, हसले नाहीत ते एकटे मालक. या माणसाकडून जे पुस्तक पक्षी करून घेतं, ते पुस्तक कुणाच्याही हातात द्यायला हरकत नाही, असा विचार त्यांच्या डोक्यात आला होता.

हे ठाऊक होतं मालकांना आणि त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, याच्या बहिणीला. मला कळलं ते शेवटी. आणि त्यालाही शेवटीच.

त्याला मालकांनी वेगळंच सांगितलं. म्हणाले, तुझी नजर चोखंदळ आहे, आम्हा दुकानदारांना जे दिसत नाही ते तुला दिसतं. मग खिडकीपाशी टेबल आलं आणि त्याला नाव मिळालं, परीक्षक. मालक गमतीने म्हणायचे, "परीक्षक, बसा, नवा गठ्ठा आलाय." तो गंमत वगैरे काही धरत नसे. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याच्या हातात आपण होऊन काही देत होतं. तो इस्त्रीचा शर्ट घालून यायला लागला.

त्याची कामाची रीत कडक होती. प्रत्येक पुस्तकातून एक वस्तू करायची, तीही पहिली नाही. पहिली वस्तू लेखक जीव ओतून समजावतो, मधल्या पानांत त्याला कंटाळा आलेला असतो, म्हणून वस्तू मधली निवडायची. मजकूर मोठ्याने वाचायचा आणि लिहिलंय तेवढंच करायचं. "दुमडा" लिहिलंय तर दुमडायचं, कुठल्या बाजूला ते लिहिलेलं नसेल तर थांबायचं आणि पुस्तक डाव्या हाताला ठेवून द्यायचं. डाव्या हाताला गेलेलं पुस्तक पुढे दुकानात येत नसे. जमलेली वस्तू दर्शनी काचेत मांडायची, शेजारी पुस्तक, आणि त्याच्या अक्षरात एक पाटी: करून पाहिलेलं.

पाटीखाली तो आणखी दोन ओळी लिहायचा, आणि त्या वाचायला लोक लांबून यायचे. हे पुस्तक टेबलावर उघडं राहत नाही, दोन्ही हात कामात असताना मिटतं, वर वजन ठेवा. हे सात वर्षांच्या मुलाला चालेल, पण कात्री मोठ्यांनी धरावी. हे म्हाताऱ्या डोळ्यांना नको, अक्षर मुंगीएवढं आहे. यातली पहिली वस्तू एका बैठकीत पुरी होते, म्हणून चंचल माणसाला द्यावं. एकदा लिहिलं होतं, या पुस्तकात बिघडलेली वस्तू कशी दिसते त्याचंही चित्र आहे, म्हणून मला हे फार आवडलं.

सुरुवातीच्या काळात काचेत ठेवलेल्या वस्तू बघून हसू यायचं. तोंड वाकडं करून बघणारा ससा, एका बाजूला कललेली पेन्सिलदाणी. पण त्या कललेल्या पेन्सिलदाणीनेच गिऱ्हाइकाला धीर यायचा. एक बाई काचेशी उभी राहून नवऱ्याला म्हणाली होती, "अहो, एवढं तर तुम्हालाही जमेल." त्याने लगेच पुस्तक घेतलं.

वर्षं गेली. आणि जे व्हायचं ते इतकं हळू झालं की कुणाच्या लक्षातच आलं नाही. रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत जगभरच्या कारागिरांनी समजावून सांगितलेलं तेवढंच आणि तसंच करणारा माणूस कधीतरी शिकणारच. ससा सरळ बघायला लागला. पेन्सिलदाणी सरळ उभी राहिली. चहाचा कप पूर्ण भरून मिळायला लागला आणि टेबल कोरडं राहायला लागलं. पुढे पुढे तर त्याने खणाखणांची एक लाकडी पेटी केली. तिचा खण बोटाने ढकलला की उसासा टाकल्यासारखा बंद व्हायचा. काचेपुढे लोक थांबायचे. मालकांनाही अभिमान वाटला. पाटीवर त्याने लिहिलं होतं, दहा वर्षांपासून पुढे कुणालाही जमेल.

मग पुस्तकं परत यायला लागली.

पहिल्यांदा शाळेच्या एक बाई आल्या. त्यांनी पाटीवर विश्वास ठेवून अख्ख्या वर्गासाठी तेच पुस्तक घेतलं होतं. पोरं रडली, दोघांची बोटं कापली, आणि एकाचीही पेटी पुरी झाली नाही. त्यानंतर एक आजोबा अंगठ्याला पट्टी बांधून आले. पुस्तक ठेवलं आणि गेले. हौसेने नेलेलं विणकामाचं पुस्तक एका मुलीने असं माझ्यापुढे सरकवलं की जणू मीच ते लिहिलं होतं. बाहेर कुणीतरी बोललं, त्या दुकानातली पाटी आता नुसती शोभेची आहे. मालकांना ते फार लागलं. त्यांचं दुकान त्या पाटीवर उभं होतं.

मेहुण्याला त्यांनी विचारलं, तू खरंच करून बघतोस ना? तो गोंधळला. म्हणाला, "दाजी, ओळ न् ओळ वाचून करतो. लोकच घाई करत असतील."

मालकांनी त्यावर वाद घातला नाही. त्यांनी पुठ्ठ्याच्या कामाचं एक नवं पुस्तक घेतलं, मधली दोन पानं एकमेकांना बेमालूम चिकटवली आणि गठ्ठ्यात ठेवून दिलं. झाकणाला बिजागरी कशी बसवायची, हे नेमकं त्या दोन पानांत होतं.

ज्या दिवशी ती वस्तू पुरी झाली त्या दिवशी वहिनीही दुकानात आलेल्या होत्या, भावाचा डबा घेऊन. मी सुतळी घ्यायला मागे गेलो होतो. टेबलावर पेटी होती. झाकण उघडत होतं, मिटत होतं. तो म्हणाला, छान पुस्तक आहे, लहान मुलांनाही देता येईल. मालकांनी पुस्तक उचललं, कागद कापायची सुरी चिकटलेल्या पानांत घातली आणि ती सोडवून त्याच्यापुढे उघडी धरली.

"बिजागरी इथे सांगितली आहे," ते म्हणाले. "ही पानं तू वाचलीच नाहीस. तरी बसवलीस."

तो आधी पानांकडे बघत राहिला, मग पेटीकडे, आणि मग हसायला लागला. त्याला ती शाबासकी वाटली. त्याने बहिणीकडे बघितलं. लहान पोर पहिला नंबर आल्यावर आईकडे बघतं तसं. "ताई, बघ. न वाचता जमलं मला."

वहिनी डब्याचं झाकण लावत होत्या. ते लागलेलंच होतं.

"हसतोस काय?" मालक म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, ते थकलेले वाटत होते. "तुला जमायला नको होतं. तुला काहीच जमत नाही म्हणून तुला या खुर्चीत बसवलं होतं. तुला जमलं की कुणालाही जमेल, एवढाच हिशेब होता. आता तुला सगळंच जमतं. मग तुझा मला काय उपयोग?"

त्याने पेटीचं झाकण मिटलं. मी तिथून निघायला हवं होतं, पण वाट त्याच्या खुर्चीला लागून होती. शेवटी त्याने मालकांना नाही, बहिणीला विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

वहिनी म्हणाल्या, "अरे, तुझा वेळ चांगला जात होता ना."

मला वाटतं, मालकांचं बोलणं त्याने एखाद्या दिवशी गिळलं असतं. हे एक वाक्य त्याला गिळता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो येणार नाही अशी माझी समजूत होती, पण तो आला. इस्त्रीचा शर्ट होता. त्याने गठ्ठ्यातलं वरचं पुस्तक घेतलं, मोठ्याने वाचायला लागला आणि काम करायला लागला. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की तो मुद्दाम वाकडं कापतो आहे. डिंक जास्त लावतो आहे. घडी चुकीच्या बाजूला घालून वर ओठ चावतो आहे, पूर्वी खरोखर चुकायचा तेव्हा चावायचा तसा. चहा आला तेव्हा त्याने बशीत थोडा सांडला. मालक दारात उभे राहून हे बघत होते. कागदाचा जो काही ससा झाला तो अगदी पहिल्या वर्षीच्या सशासारखा होता, वाकड्या तोंडाचा.

"दाजी, हे पुस्तक काही नीट नाही," तो म्हणाला.

मालकांनी ससा हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि खाली ठेवला. "पुस्तक नीट आहे," ते म्हणाले. "आणि हे जे तू करतोस ना, ते तुला जमत नाही."

तो उठला. टेबल आवरलं, कात्री तिच्या खिळ्याला अडकवली, डिंकाच्या बाटलीला बूच लावलं. काचेतली एकही वस्तू त्याने मागितली नाही. पुढच्या आठवड्यात मालक वेष्टणाच्या टेबलाशी आले, माझी एक गाठ सुटलेली बघितली आणि मला म्हणाले, उद्यापासून खिडकीपाशी बसत जा. का ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

त्याला भेटायला मी मध्ये मध्ये जात असे. दोन गल्ल्या पलीकडे त्याची खोली होती. पलंग, खुर्ची, खिडकीत काही नाही. करायची म्हणून कुठली वस्तू तिथे कधी दिसली नाही. एकदा एका पुस्तकात मी अडकलो आणि ते घेऊनच गेलो. त्याने दोन्ही हात मांडीखाली ठेवले आणि नुसतं वाचलं. कुठे अडलंय ते त्याला लगेच दिसलं असणार. म्हणाला, "तुम्हाला जमलं नाही ना? मग डावीकडे ठेवा. शिकू नका उगाच."

एकदा मालकांनीच मला पाठवलं. काचेतल्या लाकडी पेटीचा खण अडकायला लागला होता, आणि ती पेटी बघायला अजून लोक थांबत. वहिनींनीही निरोप दिला होता, तुझ्याशिवाय कुणाला जमणार म्हणावं. मी जसाच्या तसा सांगितला.

तो हसला. पूर्वी चहा सांडल्यावर हसायचा, तसा. म्हणाला, "ताईला सांगा, माझ्या हाताला वळण नाही. घरात सगळ्यांना ठाऊक आहे."

बोलताना माझं लक्ष त्याच्या शर्टाकडे गेलं. वरचं बटण एका दोऱ्यावर लोंबत होतं. मी म्हटलं, बटण पडेल. तो म्हणाला, हो.

पुढच्या वेळी गेलो तेव्हा ते पडलेलं होतं. त्या जागी त्याने टाचणी लावली होती, आणि तीही वाकडी.