बापूंच्या पापण्या

वाऱ्याचा वेग बापू गालानं सांगत. इस्लामपूरच्या आमच्या कॉलेजात वाऱ्याचा बोगदा होता, त्याच्या तोंडाशी गाल धरायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "बारा." मीटर साडेबारा दाखवी. मग बापू मीटरकडे रागानं बघत.

मूळचे वडूजचे, फौजेत गाड्या दुरुस्त करून लॅबला लागलेले. आमच्या प्रकल्पाचा जीव त्यांच्या बोटांत होता. गुळगुळीत पत्रा, त्यावर मोहरीएवढे सेन्सर, मागं नखाएवढ्या झडपा. झडपांना बापू पापण्या म्हणत. पत्र्याला घासणारा वारा भोवरे करतो आणि पत्र्याला मागं ओढतो. सेन्सरनं भोवरा ओळखायचा, पापणीनं हलून तो मोडायचा. "वाऱ्यासंगं कुस्ती न्हाई खेळायची, पोरी. नुसता चिमटा काढायचा. पर येळंवर!"

प्राचार्यांना बोगद्याची खोली हवी होती. कशाला? सेल्फी पॉइंटला! विज्ञानाच्या छाताडावर सेल्फी पॉइंट! मी पत्रक लिहिलं. बापूंनी त्यातले दोन 'धिक्कार' आणि एक 'षड्यंत्र' लाल पेननं खोडलं. "लय घासतंय हे. दसरा झाला की सायेब बघाय येणार हायत. पत्र्याची ओढ कमी झालेली दिसली तर खोली ऱ्हाईल. एवढंच लिही."

खंडेनवमीला बापू पान्यांना, पंख्याला हळदकुंकू वाहत होते. मी भक्तिभावानं पत्र्यालाही वाहिलं. मूठभर.

"आगं, काय केलंस! समदे बहिरे केलेस की!" कुंकू सेन्सरांत जाऊन बसलं होतं. मी रडकुंडीला आले.

"आवं बापू, आता?"

"आता बुरूस घे. फौजेत असतीस तर मैदानाला धा फेऱ्या मारल्या असत्यास." मग स्वतःच हसले. दसऱ्याला सोनं वाटायचं सोडून आम्ही दोघं बारीक ब्रशानं एकेक सेन्सर झाडत बसलो.

प्राचार्य आले. पापण्या सुरू केल्या, ओढीचा आकडा खाली आला. थोडासाच, पण आला. बंद केल्या, वर गेला. प्राचार्यांनी बटण स्वतः चार वेळा दाबून बघितलं. पाठ केलेलं भाषण ठोकायला मी तोंड उघडलं, तोच कोपरावर कडकडून चिमटा बसला.

"राहू द्या ही खोली," प्राचार्य म्हणाले.

बापू आता निवृत्त होऊन वडूजला असतात. मी अजून त्याच लॅबमध्ये आहे, अजून पत्रकं काढते, छापण्याआधी फोनवर त्यांना वाचून दाखवते. मध्येच ते नुसतं खाकरतात. मी तो शब्द खोडते. आणि दर खंडेनवमीला सकाळी त्यांचाच फोन येतो, "कुंकू कुठं लावलंस गं?"

"भिंतीला, बापू. लांबच्या."